वासाची साक्ष

मुंबईंत धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला तो 1912 सालीं. गिरण्यांचा तो काळा धूर निदान डोळ्यांना दिसत असे. चेंबूरशेजारच्या माहूल व आंबापाडा येथील रहिवाशांचें गाऱ्हाणें रसायनांच्या अदृश्य वाफेविषयीं होतें. वासाची साक्ष मानणार कोण? के. ई. एम. रुग्णालयाच्या 2013 च्या पाहणींत शेंकडा 67 लोकांनीं श्वास लागत असल्याचें सांगितलें. अखेर 18 डिसेंबर 2015 रोजीं पुण्याच्या हरित न्यायाधिकरणानें रहिवाशांचें म्हणणें मान्य करून हवा सुधारण्याचा आराखडा आंखण्यास फर्माविलें. माझ्या मतें अशा बैठकींत गांवकऱ्यांस प्रथम बसवावें. अपरात्रीं वास सुटतो तेव्हां जागे तेच असतात. पुढें दीड महिन्यांतच देवनारचा कचरा पेटला. पावसापायीं शाळा बंद झालेल्या मला ठाऊक होत्या. धुरापायीं बंद झालेल्या मीं प्रथमच पाहिल्या.