छायाबाहुल्या, पिंगुळीच्या
सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने जोपासलेला चलच्चित्रांचा पारंपरिक खेळ. कातड्याच्या, छिद्रे पाडलेल्या रंगीत बाहुल्या पांढऱ्या पडद्यामागे दिव्याच्या उजेडात नाचवून रामायणातील आख्याने सादर करतात. बाहुली दिव्याकडे नेली, की छाया मोठी व अंधुक होते. पडद्याला टेकविली, की रेखीव होते. त्यामुळे आकृती वाढल्याचा वा विरून गेल्याचा आभास क्षणार्धात साधतो. हाच परिणाम आता संगणकावर अनेक स्थिरचित्रांच्या मालिकेतून निर्माण करतात. सावंतवाडी संस्थानच्या राजाश्रयाने वाढलेली ही कला पुढे मोजक्या कुटुंबांपुरती उरली. बाहुल्या जतन करता येतात. त्या नाचविण्याचे कसब मात्र खेळ चालू राहिले तरच टिकते. परशुराम गंगावणे यांनी पिंगुळीस संग्रहालय उभारून प्रयोगही चालू ठेवले. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.