५०० मिलिअँपिअरची वाटणी

अ‍ॅडॉप्टर नसलेला, तळहाताएवढा यूएसबी हब घ्यायला गेलात तर बहुतेक वेळा चार पोर्टांचा मिळतो. हा चारचा आकडा दुकानदाराच्या किंवा कारखान्याच्या सोयीचा नाही. तो यूएसबीच्या जन्मापासूनच्या नियमांतून आला आहे, आणि तो समजला की हबवर काय चालेल आणि काय अडेल हेही आपोआप समजते.

१९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत संगणकाची पाठ म्हणजे नाना जातीच्या खाचांची गर्दी होती. की-बोर्डची गोल खाच वेगळी, मोडेमची नऊ पिनांची वेगळी, प्रिंटरची पंचवीस पिनांची रुंद वेगळी. नवीन काही जोडायचे तर बहुधा संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकून अमेरिकेत गेलेले अजय भट्ट तेव्हा इंटेलमध्ये होते. घरचा साधा प्रिंटर चालवताना बायकोची होणारी दमछाक पाहून आपण या प्रश्नाच्या मागे लागलो, असे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे. इंटेलसह कॉम्पॅक, डिजिटल, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबी १.० जाहीर झाले.

हब ही मागाहून सुचलेली जोड नव्हती, हे मला या कथेत फार मोलाचे वाटते. संपूर्ण रचनाच हबवर उभी आहे. संगणकाचे पोर्ट म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ते त्याच्या पोटातल्या मूळ हबचेच पोर्ट असतात. त्या मुळापासून फांद्या फुटत जातात. प्रत्येक उपकरणाला सात बिटांचा पत्ता मिळतो. शून्य हा पत्ता नवागतासाठी राखीव, म्हणून एकूण १२७ उपकरणे, आणि त्यांत हबही मोजायचे. केबलचे एक टोक चपटे आणि दुसरे चौकोनी ठेवले, त्यामागेही विचार होता: फांदी चुकून मुळालाच परत जोडली जाऊ नये.

आता विजेचा हिशेब. नियमाने १०० मिलिअँपिअर हा एक वाटा धरला. संगणकाचा एक पोर्ट जास्तीत जास्त पाच वाटे देतो, म्हणजे पाच व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर. बिनअ‍ॅडॉप्टरचा हब ही सगळी वीज वर मागून घेतो, एक वाटा स्वतःच्या चिपसाठी ठेवतो आणि उरलेले चार वाटे चार पोर्टांना देतो. पाचव्या पोर्टासाठी काही शिल्लकच राहत नाही.

या वाटणीची शिस्तही कडक आहे. जोडल्या जोडल्या कोणत्याही उपकरणाने एकाच वाट्यावर राहायचे. आपल्याला किती वीज लागेल हे आधी सांगायचे आणि परवानगी मिळाल्यावरच जास्त घ्यायची. माउस, की-बोर्ड यांचे १०० मध्ये निभते. सुट्या हार्डडिस्कची तबकडी फिरू लागताना मात्र त्याच्या कितीतरी पट वीज लागते, म्हणून ती अशा हबवर नुसती टिकटिकत राहते. एका बिनअ‍ॅडॉप्टरच्या हबला तसाच दुसरा जोडणेही याच कारणाने नियमात बसत नाही: दुसऱ्याच्या हाती एकच वाटा येतो, तो त्याच्या चिपवरच खर्च होतो. काही स्वस्त हब आपल्याला बाहेरून वीज मिळते असे संगणकाला खोटेच सांगतात. मग परवानगी मिळते, पण वीज कुठून येणार? उपकरण मध्येच तुटते आणि दोष त्याच्या माथी येतो. हबची ही लबाडी मला मुळीच क्षम्य वाटत नाही, कारण तिच्यापायी पेन ड्राइव्हवर लिहिली जात असलेली फाइल खराब होऊ शकते.

ऑगस्ट १९९८ मध्ये अ‍ॅपलचा पहिला आयमॅक आला तेव्हा त्यात जुन्या खाचा काढून टाकून यूएसबी ठेवले होते. त्याच्या की-बोर्डला दोन पोर्ट होते आणि माउस तिथेच लावायचा. म्हणजे तो की-बोर्ड हा एक बिनअ‍ॅडॉप्टरचा हबच होता, आणि अनेकांनी आयुष्यातला पहिला हब अशा रीतीने, हब हे नावही न ऐकता वापरला.

एप्रिल २००० च्या यूएसबी २.० ने वेग सेकंदाला ४८० मेगाबिटांवर नेला, वाटा मात्र १०० चाच ठेवला. तो बदलला नोव्हेंबर २००८ मध्ये, यूएसबी ३.० बरोबर: १५० चा एक वाटा आणि एका पोर्टाला असे सहा, म्हणजे ९००. या नव्या हबच्या एकाच कवचात खरे तर दोन हब शेजारी शेजारी नांदतात, एक नव्या वेगाचा आणि एक २.० चा. साधा माउस लावला की त्याची गाठ दुसऱ्याशीच पडते.