वेल्डरची वंशावळ

बलुतेदारांच्या यादीत लोहार आहे, वेल्डर नाही. नसणारच, गावगाडा ठरला तेव्हा वीज नव्हती. पण लोखंड सांधण्याची विद्या मात्र गावात होती. दोन तुकडे भट्टीत पांढरेफटक होईस्तोवर तापवायचे, सांध्यावर टाकणखार भुरभुरवायचा आणि ऐरणीवर घण घालून एकजीव करायचे. ही विद्या भाता ओढता ओढता पोराच्या हाती येई, घराबाहेर क्वचितच जाई. वेल्डिंगचे असे झाले नाही. ज्याच्या सात पिढ्यांत कोणी लोखंडाला हात लावला नव्हता, तोही वेल्डर झाला. याचे श्रेय आपण सवयीने कारखानदारीला देतो. माझ्या मते त्यातला मोठा वाटा लष्कराचा आहे.

वेल्डिंग लष्कराने शोधले, असा दावा नाही. लेप दिलेला रॉड स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच आणला होता. पण बॉयलर आणि जहाजे बांधणाऱ्यांचा भरवसा रिव्हेटवर होता. वितळवलेला सांधा त्यांना तात्पुरती डागडुजी वाटे. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा तिथल्या बंदरांत अडकलेल्या जर्मन जहाजांच्या खलाशांनी इंजिनांचे सिलिंडर आधीच फोडून ठेवले होते. सिलिंडर बिडाचे, आणि बीड सांधणे महाकठीण. तापमानात जरा फरक पडला की शेजारी नवी चीर जाते. नवे ओतकाम करायचे तर महिनोन्‌महिने जाणार, हा त्यांचा हिशेब होता. अमेरिकी आरमाराने इलेक्ट्रिक वेल्डिंगने बरीचशी इंजिने सांधली आणि त्याच जहाजांतून आपले सैनिक फ्रान्सला नेले. शांततेच्या काळात हा धोका कोणत्या मालकाने पत्करला असता?

भारतात ही वेळ दुसऱ्या महायुद्धात आली. दोनेक लाखांचे सैन्य युद्ध संपेपर्यंत पंचवीस लाखांच्या घरात गेले. खेचरांच्या जागी ट्रक आले, आणि ट्रकची चासी तडकली की ती जागेवरच सांधणारा माणूस लागे. सरकारने १९४० मध्ये तांत्रिक प्रशिक्षण योजना काढली. ब्रिटनचे मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावाच्या योजनेतून १९४१ पासून काही तरुण इंग्लंडलाही धाडले गेले. १९४३ मध्ये यंत्रदुरुस्तीसाठी लष्कराची स्वतंत्र शाखा झाली, तीच आजची ईएमई. तिथल्या साध्या जवानाचा हुद्दा शिपाई नसून क्राफ्ट्समन असतो.

आणि हे शिक्षण लष्कराला मानवणारेही होते. रॉड काडेपेटीच्या काडीसारखा घासायचा आणि लगेच दोन-तीन मिलिमीटर वर धरायचा. टेकला तर चिकटतो, लांब गेला तर आर्क तुटतो. शिवाय रॉड जळून आखूड होत जातो, म्हणून हात पुढे सरकतानाच खालीही यायला हवा. काळ्या काचेतून एक झगझगीत ठिपका सोडला तर काही दिसत नाही. हातालाच वळण लागावे लागते. मग स्लॅग ठोकून काढायचा, आतली लकेर पाहायची आणि पुन्हा पहिल्यापासून. ही कवायतच. गॅसच्या कामात तर विसराळूपणाचीही तजवीज केलेली असते: ऑक्सिजनचा सिलिंडर काळा, ॲसिटिलीनचा मरून, आणि ॲसिटिलीनचे आटे उलटे, म्हणजे चुकूनही एकाची नळी दुसऱ्याला बसू नये. अनोळखी माणसाला थोड्या दिवसांत शिकवायचे, तर विद्या अशी सुटी करावी लागते.

रेल्वेच्या कारखान्यांत वेल्डर आधीपासून होतेच, असे कोणी म्हणेल. होते. पण तिथला खलाशी, म्हणजे मदतनीस, मिस्त्रीच्या हाताखाली वर्षे काढी, आणि मिस्त्री शिकवी ते मर्जीने. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: ज्या लष्कराची भरतीच ‘लढाऊ’ जाती पाहून होई, त्याने जातीबाहेरचा धंदा घडवला कसा? हेतूने नव्हे, गरजेने. लाखोंनी माणसे हवी झाल्यावर ती जुनी यादी पुरेना. महारांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद झालेले दार १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहताना पुन्हा उघडले, तेही याच ओढीने. पुढच्या वर्षी जुलैत मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे आले, आणि तांत्रिक प्रशिक्षण याच खात्याचे काम होते. त्यांच्या धरणांच्या आणि विजेच्या कामाबद्दल अलीकडे बरेच लिहिले जाते; या कामाकडे मात्र फारसे कोणी वळत नाही.

लष्करात शिकलेला पुष्कळदा बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतो, मग या विद्येचा उपयोग काय, हेही विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, आणि त्या माणसापुरते त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण शिकवण्याची व्यवस्था टिकली. सुटणाऱ्या सैनिकांची सोय लावण्यासाठी जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय निघाले. फाळणीनंतर निर्वासितही त्याच्याच दाराशी आले. १९५० मध्ये त्यातूनच कारागीर प्रशिक्षण योजना आणि सुमारे ५० आयटीआय उभ्या राहिल्या. १९५६ मध्ये त्यांचा कारभार राज्यांकडे गेला. तिथे बहुतेक ट्रेडना दहावी लागते. वेल्डरला आठवी पास चालतो, आणि कोर्स एका वर्षाचा आहे.