शिसे-विषबाधा आणि स्वमग्न मुले
माती, खडू किंवा खिडकीच्या चौकटीवरून नखाने खरवडलेले रंगाचे पोपडे खाण्याची सवय (पायका) स्वमग्न मुलांत अधिक आढळते. जुन्या रंगातील शिसे त्या वाटेने पोटात जाते. लोहाची कमतरता असल्यास ते आतड्यांत जास्त शोषले जाते. शिशामुळे हीम (हिमोग्लोबिनमधील घटक) तयार करणाऱ्या विकरांचे कार्य अडते व रक्तक्षय होतो. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्ष भागांत ९० भाग अशी आहे. शरीरातील शिसे काढणारी कीलेशन औषधे स्वमग्नतेवरील उपचार नव्हेत. अमेरिकेत २००५ मध्ये ती स्वमग्नतेसाठी वापरताना एका स्वमग्न मुलाचा मृत्यू झाला. अखाद्य वस्तू खाणाऱ्या मुलाच्या रक्तातील शिसे व लोह वेळीच तपासून घ्यावे.