दुधी काच

गेल्या दिवाळीत भाची जर्मनीहून आली ती 'बुर्डा'चा एक अंक घेऊनच. "मावशी, इतकी वर्षं शिवणक्लास चालवलास, आता यातला एक झगा मला शिवून दे," म्हणाली आणि अंकाच्या मधली घडी सोडवून तिने कागद फरशीवर पसरला. पंचवटीच्या नकाशावर गल्ल्या, गटारं, नळाच्या लाइनी आणि विजेच्या तारा सगळं एकदमच काढलं तर जे होईल, ते त्या कागदाचं झालं होतं. कितीतरी कपड्यांचे भाग एकमेकांवर आखलेले. आपल्या मापाची रेघ हुडकायची, वर पातळ कागद ठेवायचा आणि तेवढीच उचलायची. "याला लाइट बॉक्स लागेल," भाची म्हणाली. "इथे मिळतो का गं?"

मिळायचं काय, माझ्या माळ्यावरच होता. डॉक्टर लोक एक्स-रे बघतात ती पेटी. खाली काढली, पुसली, वायरीला नवी पिन बसवली, दिवा लावून कागद वर ठेवला आणि दोघींनाही हसू आलं. कागद दोन्ही अंगांनी छापलेला होता. खालून उजेड येताच पाठीमागच्या रेघाही पुढे आल्या. मघाशी गल्ल्या एका गावाच्या होत्या, आता दोन गावांच्या झाल्या.

पेटीचा त्यात काही दोष नाही. पण त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे. ही उजेडाची पेटी शिवणकामात आली कधी, आणि ती नव्हती तेव्हा आमच्या नाशकातल्या बायका नक्षी उचलत होत्या कशा?

आधी एक कबूल करायला हवं. कपड्याचा बेत गिरवून घ्यायची आपल्याकडे रीतच नव्हती. अमेरिकेत एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ मध्ये मापामापाचे कागदी बेत विकायला काढले. जर्मनीत एन्ने बुर्डा या बाईने १९५० मध्ये मासिक सुरू केलं आणि दोन वर्षांनी त्यात बेतांचा कागद घातला. महायुद्धानंतर हात आखडून संसार करणाऱ्या बायकांना तो हवाच होता. आपल्याकडे होती खणाची चोळी. खण विणतानाच त्याचा पन्हा चोळीच्या हिशेबाने धरलेला असे. घडीवर घडी घालून कात्री चालवली की चिंधी जेमतेम उरे. नऊवारीला तर कात्रीच लागत नाही. पुढे मशीन आलं, ब्लाऊज आला, तेव्हाही आपण गणिताकडे गेलो. झारापकरांच्या कटिंगच्या पुस्तकावर महाराष्ट्रातले किती शिंपी आणि किती क्लासवाल्या बाया तयार झाल्या असतील! छातीच्या मापाचा चौथा हिस्सा, त्यात इतके इंच मिळवा, तिथून मुंढ्याचा आकार. मी स्वतः मुलींना वहीत पाव मापाने हेच काढायला लावत असे. यात गिरवायला काही नाही. आणि ज्याला गणित नको त्याच्यासाठी मापाचा ब्लाऊज असतोच. पिशवीतून चुरगळलेला जुना ब्लाऊज काढायचा आणि म्हणायचं, "अगदी असाच, फक्त गळा बोटभर खाली." चाळीस वर्षांत या एका वाक्यावर मी जेवढे ब्लाऊज बेतले तेवढे टेप लावून बेतले नसतील.

गिरवायची वेळ यायची ती भरतकामात. उशीचे अभ्रे, रुमाल, टेबलक्लॉथ, बाळाची झबली. किर्लोस्करांचं 'स्त्री' १९३० मध्ये निघालं. तिथून पुढे बायकांची मासिकं आणि दिवाळी अंक घरोघर फिरू लागले, आणि त्यातली एखादी वेल, एखादा मोर आवडला की तो कापडावर उतरवायचा कसा हा प्रश्न यायचा.

खिडकीच्या काचेवर कागद टेकवून गिरवा, असं हस्तकलेच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. पुस्तक लिहिणाऱ्याच्या घराला काचेच्या खिडक्या असणार. आमच्या वाड्याच्या खिडक्यांना गज होते, लाकडी झडपा होत्या, काच नव्हती. आईने काच काढली ती देवाच्या तसबिरीची. रामपंचायतनाची तसबीर भिंतीवरून उतरवायची, मागचे चुके काढायचे, देव वहीच्या पानांत जपून ठेवायचे आणि काच दोन पत्र्याच्या डब्यांवर आडवी टाकायची. खाली कंदील. काचेवर मासिकातलं पान, त्यावर मलमल. मी बाजूला बसून कापडाचं टोक धरायची, हलू नये म्हणून. पांढऱ्या मलमलीतून खालची वेल अशी वर यायची की पेन्सिल आपोआप चालावी.

एका डिसेंबरात ती काच तडकली. नाशिकची थंडी, रात्रीची वेळ, आणि मासिक सकाळी शेजारी परत द्यायचं म्हणून आईने वात जरा मोठी केली. कंदिलाच्या वरच्या तोंडातून निघणारी धग काचेला एकाच जागी लागत होती, कडा मात्र गारठलेल्या. मधला भाग पसरायला बघतो, कडा जागा सोडत नाहीत, मग काच वाट काढते. टक् असा एकच आवाज झाला. रामपंचायतन सहा महिने बिनकाचेचं राहिलं आणि आजी रोज पूजेच्या वेळी आईकडे न बघता म्हणायची, "देवांना धूळ लागते हो."

पर्याय मात्र आजीनेच सांगितला. रॉकेल. साध्या पातळ कागदावर बोळ्याने रॉकेल फिरवलं की कागद पारदर्शक होतो. खालची नक्षी दिवसाढवळ्या, दिव्याशिवाय दिसते. कागदाच्या तंतूंमध्ये हवा असते आणि उजेड तिथे अडखळून विखुरतो. तेल त्या फटींत शिरलं की त्याला सरळ वाट मिळते. खोबरेलानेही हे होतं, पण डाग कायमचा राहतो. रॉकेल उन्हात उडून जातं आणि कागद पुन्हा होता तसा होतो. वास तेवढा दोन दिवस रेंगाळतो.

वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. नाशकात नुसतं 'प्रेस' म्हटलं की तीच. १९२५ मध्ये सिक्युरिटी प्रेस सुरू झाली आणि इंग्लंडहून छापून येणारी टपाल तिकिटं इथे छापली जाऊ लागली. १९२८ पासून नोटा, आणि १९३२ पर्यंत सगळ्या किमतींच्या नोटा इथूनच निघायला लागल्या. नोटेतलं जलचिन्ह शाईने काढलेलं नसतं, कागदाचीच जाडी कुठे कमी कुठे जास्त केलेली असते, म्हणून ते उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. वडिलांना त्याची इतकी सवय की घरी आलेली लग्नपत्रिकाही आधी दिव्यासमोर धरायचे, मग वाचायचे. आईची काच तडकली त्या रात्री तेच म्हणाले होते, "खाली दुधी काच हवी होती." तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

पण घरातली ही सगळी धडपड साध्या, फिकट कापडापुरती. खालून उजेड द्यायचा तर कापडातून तो आरपार यायला हवा. जांभळी मखमल, काळं साटन, अस्तर लावलेली जाड साडी काचेवर ठेवली काय आणि दगडावर ठेवली काय, सारखंच. त्यासाठी छापून आणावं लागे. मेनरोडच्या आतल्या बोळांत असे ट्रेसिंगवाले असत. मी कॉलेजात असताना आईबरोबर एकाकडे जायची. दुकान कसलं, एका जिन्याखालची जागा. उजेड असा नव्हताच. आणि गंमत ही, की त्याला तो लागतही नव्हता.

त्याच्याकडे नक्षीचे कागद गुंडाळ्या करून ठेवलेले असत. नवी नक्षी करायची तर तो घोंगडीची चौघडी घालायचा, तिच्यावर कागद, आणि लाकडी मुठीत बसवलेल्या सुईने रेघेरेघेवरून टोचत जायचा. टोचे किती जवळ घ्यायचे हे त्याच्या हाताला ठाऊक: लांब पडले तर वेल तुटक येते, फार जवळ आले तर कागदच फाटतो. दोन्ही बाह्यांना एकच नक्षी हवी असेल तर कागद दुमडून एकदाच टोचायचा, म्हणजे उलटसुलट जोडी तयार. मग कागद पालथा घालून वर आलेले भोकांचे काठ काचपेपरने हलके घासायचे. हा झाला खाका. एकदा केला की शंभर साड्यांना चालतो. छापताना रॉकेलमध्ये नीळ कालवायची, गडद कापड असेल तर झिंकची पांढरी पूड, आणि चिंधीचा बोळा बुडवून, पिळून, खाक्यावरून फिरवायचा. बोळा जास्त ओला झाला की संपलं. माझ्या मावशीच्या मोतिया रंगाच्या साडीवर एकाने असा निळा फरकाटा उठवला होता की शेवटी त्या जागी एक जास्तीचा मोर भरावा लागला. तो मोर साडीभर कुठेच बसत नाही, अजूनही.

ही युक्ती कोणा एका गावाची नाही. चीनमधल्या तुन्हुआंगच्या गुहांत बुद्धाच्या आकृतीचे असे टोचलेले कागद सापडले आहेत, हजारेक वर्षांपूर्वीचे. भिंतीवर बुद्ध काढायचा काय आणि साडीवर मोर काढायचा काय, रेघ भोकांतूनच जाते. भोकं पाडण्यावरून आठवलं. १९१३ मध्ये आपला चित्रपटाचा कारखाना दादरहून नाशिकला हलवणारे दादासाहेब फाळके सगळ्यांना ठाऊक असतात. पण कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडायचं काम अंधारात बसून सरस्वतीबाई करायच्या, हे फार थोड्यांना. फिल्मला तर उजेड लागूनच चालत नाही.

मग खरीखुरी उजेडाची पेटी कुठून आली? शिवणकामातून नव्हेच. ती आली छापखान्यांतून आणि दवाखान्यांतून. ऑफसेट छपाई आल्यावर मजकुराच्या आणि चित्रांच्या फिल्म जुळवायला टेबलं लागली: वर दुधी काच, खाली ट्यूबलाइट. साध्या काचेखाली ट्यूब ठेवली तर मधोमध झगझगीत पट्टा दिसतो आणि कडेला अंधार. दुधी काच उजेड अंगभर पसरवते, आणि ट्यूब तापत नसल्यामुळे काच तडकत नाही. वडिलांचं बोलणं मला असं वीस वर्षांनी कळलं. दवाखान्यातली पेटी ही त्याच टेबलाची भिंतीवर टांगलेली धाकटी बहीण. पुढे छपाईची प्लेट थेट संगणकावरून निघू लागली, एक्स-रे पडद्यावर दिसू लागले, आणि दोघी भंगारात आल्या.

अंबड लिंक रोडला तेव्हा मोठा भंगार बाजार होता. २०१७ मध्ये महापालिकेने तो हटवला. माझी पेटी त्याच्या किती तरी आधीची. लोखंडी कपाट बघायला गेले होते, त्याच्या मागे ही उभी. भंगारवाल्याला ती काय आहे हे माहीत नव्हतं, मी सांगितलं नाही. एक्स-रेची मोठी फिल्म १४ बाय १७ इंच. पेटीची काच तेवढीच. ब्लाऊजच्या पाठीचा अर्धा भाग तिच्यावर नेमका मावतो, कमीजचा मावत नाही. क्लासमधल्या मुली रांग लावायच्या. भारनियमनाच्या वर्षांत मात्र रोज ठरल्या वेळी पेटी डोळे मिटायची आणि मुली कागद घेऊन बाल्कनीच्या सरकत्या काचेशी जायच्या. तोवर आमच्याही घराला काचा आल्या होत्या.

भाचीचा झगा शेवटी पेटीशिवायच झाला. जाडसर ब्राऊन पेपर घोंगडीवर पसरला, त्यावर बुर्डाचा कागद, आणि दातेरी चाक घेऊन हव्या त्या रेघेवरून फिरवलं. वरचा कागद उचलला तर खाली बारीक टोच्यांची रांग. चाकाला दाते असतात एवढंच, काम त्या जिन्याखालच्या माणसाचंच. भाची लगेच कात्री घ्यायला निघाली, तिला थांबवलं. बुर्डाच्या बेताला माया नसते; शिवणीसाठी जास्तीचं कापड आपणच सोडायचं. "जर्मन लोकांना माया नाही म्हणतेस?" असं म्हणून ती हसत बसली. आपल्या शिंप्यांनी त्या अर्ध्या इंचाला हे नाव दिलं आहे, यात माझा काय दोष!

पेटी पुन्हा माळ्यावर टाकणार होते. मग भाचीनेच माझ्या आईची पैठणी मागितली, चुलतभावाच्या लग्नात नेसायला. येवल्याची, जुनी, पदरावर बांगडीमोर. घडी मोडली तर तीन ठिकाणी रेशीम विरलेलं दिसलं. तीन म्हणजे एका दुपारचं रफूचं काम. सहज म्हणून पदर पेटीवर पसरला आणि दिवा लावला. जर काळी पडली, मधलं रेशीम पेटल्यासारखं उजळलं, आणि घडीच्या रेघेवर उजेडाचे ठिपके दिसायला लागले, खाक्यावर असतात तसे. भाची एकेका ठिपक्याशी कच्च्या दोऱ्याचा टाका घालत गेली. मोजले तर सतरा.