नंबर तोच आसा

घरातले जुने कागद निवडताना परवा एका पाहणी अहवालाची कार्बन कॉपी हाती लागली. तारीख जुलै 1986, विषय "आउटबोर्ड मशीन, तारण तपासणी". खरं तर बँकेचा कागद घरी असायला नको, पण आला खरा. नातवाला दाखवला तर म्हणाला, "आजोबा, आउटबोर्ड म्हणजे काय?" म्हणून लिहायला बसलो. थोडं लांब होईल, चहा घेऊन वाचा.

होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवायचं मशीन ते आउटबोर्ड. वर इंजिन, मधे उभा दांडा, खाली पाण्यात पंखा. दोरी ओढायची की सुरू. अमेरिकेत ओले एव्हिनरूड नावाच्या मूळच्या नॉर्वेजियन माणसाने 1909 मध्ये ते बाजारात चालवून दाखवलं. प्रेयसीसाठी आईस्क्रीम आणायला तो तळ्यापलीकडे वल्हवत गेला, परत येईपर्यंत आईस्क्रीम वितळलं आणि म्हणून त्याने मशीन काढलं, अशी एक गोष्ट सांगतात. पुढे जॉन्सन नावाची दुसरी मशीनं आली आणि 1936 पासून एव्हिनरूड आणि जॉन्सन दोन्ही एकाच कंपनीच्या छत्राखाली गेली. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गोव्यात ही मशीनं आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत रुळली. आधी ट्रॉलर आले. त्यांनी किनाऱ्यालगत जाळी ओढायला सुरुवात केली तशी रापणकारांची मासळी आटली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मतानी साल्ढाणांच्या पुढारपणाखाली रापणकारांचं मोठं आंदोलन झालं, मग 1980 मध्ये सागरी मासेमारीचा कायदा आला. पण कायद्याने मासे परत किनाऱ्याला येत नाहीत. ज्यांना जमलं त्यांनी होडीला मशीन लावलं आणि मासळीच्या मागे दूर जायला लागले. त्यासाठी पैसे लागत. 1969 मध्ये 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झाल्यापासून आम्हाला गावोगाव कर्जं द्यायचा हुकूम होताच. मी कॉमर्सचा पदवीधर, ताळेबंद तोंडपाठ. पण 1984 मध्ये मांडवीच्या पलीकडे, बार्देसच्या बाजूच्या एका शाखेत फिल्ड ऑफिसर म्हणून गेलो तेव्हा मला पागीर कोण, तांडेल कोण, हेही धड ठाऊक नव्हतं.

ज्याची ही फाईल, त्याचं नाव लिहीत नाही. त्याची मुलं नातवंडं तिथेच आहेत. आपण त्याला तांडेलच म्हणू. वयाने माझ्याहून मोठा. मुक्तीनंतर गावात निघालेल्या मराठी शाळेत चार बुकं शिकलेला, म्हणून बोलायचा कोंकणीत आणि मासळीचा हिशेब वहीत मराठीत लिहायचा. त्याला आम्ही 9.9 अश्वशक्तीच्या जॉन्सनसाठी कर्ज दिलं होतं. पेट्रोलवर सुरू करायचं, गरम झालं की रॉकेलवर टाकायचं. हप्ते वेळेवर येत.

1985 च्या पावसाळ्यानंतर आग्वादच्या तोंडाशी वाळूच्या पट्ट्यावर लाट फुटली आणि होडी उलटली. माणसं पोहून आली. मशीन खाऱ्या पाण्यात. अशा वेळी मशीन लगेच गोड्या पाण्याने धुवून, सिलिंडरात तेल सोडून फिरवलं तर वाचतं. पण एका खलाश्याचा हात मोडला होता, सगळे त्याच्या मागे इस्पितळात. मशीन दोन दिवस तसंच पडलं. तिसऱ्या दिवशी दोरी ओढली तर हलेना. क्रँक, बेअरिंग सगळं गंजून धरलेलं, आणि वाळूवर आपटून खालच्या गिअरच्या खोक्याला तडा.

यातलं मला तेव्हा काहीच कळलं नाही, कारण हप्ते चालूच होते. कळलं ते जून 1986 मध्ये. तेव्हा बँकांचं वर्ष 31 डिसेंबरला संपायचं आणि 30 जूनला सहामाही असायची. त्याआधी तारणं बघून यायची म्हणून मी गेलो. होडी पावसाळ्यासाठी वर ओढून झावळ्यांखाली ठेवलेली. मशीन खोपीत उभं. टोपण निळं, खालचा भाग पांढरट, मधे जस्ताच्या रंगाचा पट्टा. आमचं जॉन्सन असं नव्हतं. मी काही बोलायच्या आत तांडेलाने होडीला अडकवायच्या पकडीवरची पट्टी पुसली आणि म्हणाला, "सायब, नंबर तोच आसा."

होता. नंबराची पट्टी पकडीवर असते आणि पकड तेवढी जुनी होती. कागदावरचं तारण आणि समोरचं तारण आकड्याला आकडा जुळत होतं. बाकी काहीच जुळत नव्हतं.

मग त्याने मेस्ताला बोलावलं. मेस्ताने वहीच्या पानावर केलेलं बिल दाखवलं, मी ते तिथेच उतरवून घेतलं. क्रँक आणि खालचं गिअरचं खोकं वास्कोच्या भंगारातल्या 15 अश्वशक्तीच्या एव्हिनरूडचं. टोपण त्याचंच. सिलिंडर मूळचेच, पण एक इतका खराब झालेला की लेथवर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घातलेला. दुसऱ्यात जुना पिस्टन, नव्या रिंगा. पंखा तिसऱ्याच कुठल्या मशीनचा, कडा कानशीने घासलेल्या. गॅस्केट तर विकतचं नव्हतंच. जाड कागदी पत्रा खोक्यावर ठेवून कडेकडेने हातोडीने ठोकत गेलं की आकार आपोआप कापला जातो, तसं केलेलं. मी विचारलं, 15 चे भाग 9.9 ला बसतात कसे? मेस्त म्हणाला, दोन्हींचं पोट एकच, फरक बहुतेक तोंडात, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये. आणि जॉन्सन-एव्हिनरूड तर सख्खे भाऊ. वर सांगितलेला 1936 चा इतिहास त्याने वाचला नव्हता, त्याला तो पान्याने कळला होता.

मी म्हटलं, चालवून दाखवा. पिंपात पाणी भरून त्यात मशीन उभं केलं. चौथ्या ओढीला सुरू झालं. दोन पिस्टनांचं वजन वेगळं, त्यामुळे आवाज लंगडा, पिंप थरथरत होतं. पण थंडाव्याच्या भोकातून पाण्याची धार नीट येत होती, आणि मेस्ताचं लक्ष फक्त त्या धारेकडे होतं.

निघताना मी सहज विचारलं, एवढा खटाटोप कशाला, विम्याचा दावा का नाही केला? तांडेल म्हणाला, विमा म्हणजे बँकेत कापतात तो? त्याचं मला काय ठाऊक, सायब.

शाखेत येऊन लेजर काढलं. विम्याचा हप्ता खात्यातून कापून दरवर्षी बँकेनेच भरायचा असतो. 1985 चा भरलाच नव्हता. होडी उलटली तेव्हा विमा संपून चार महिने झाले होते. आणि ती नोंद ठेवायचं काम माझं होतं.

अहवाल टेबलावर तसाच पडून राहिला. "तारणात परस्पर बदल, कर्ज परत मागवावे" असं लिहिलं असतं तर नियमाला धरून झालं असतं, आणि माझी चूकही त्याखाली झाकली गेली असती.

5 जुलै 1986 ला मांडवीचा पूल कोसळला. 1970 चा पूल, सोळाच वर्षांचा. शनिवार होता. मी राहायला पणजीत मळ्यात, शाखा पलीकडे. तिजोरीच्या दोन चाव्यांपैकी एक माझ्याकडे. सोमवारी सकाळी फेरीच्या धक्क्यावर ही गर्दी! तास गेला तरी फेरीबोटीवर पाय ठेवता येईना. तिकडे शाखा उघडून उपयोग नाही, चावी माझ्या खिशात. तेवढ्यात खालून हाक आली, "सायब, येयात!" तांडेल होडी घेऊन आलेला. सात-आठ माणसं आधीच बसलेली, मी छत्री मिटून नववा.

पावसाने नदी तांबडी, ओहोटीचा ओढ जोराचा, मोडलेल्या पुलाचं धूड उजव्या हाताला. मधोमध मशीनने आचका दिला. सगळे गप्प. मी मात्र मागे वळून त्या धारेकडे बघत होतो, मेस्तासारखा. धार चालू होती. तांडेलाने पेट्रोलवर घेतलं, मशीन पुन्हा लंगडत लागलं आणि आम्ही बेतीला टेकलो. माझ्याकडून त्याने पैसे घेतले नाहीत. त्या दिवशी शाखेत पैशांची देवघेव झाली.

त्याच संध्याकाळी अहवाल लिहिला. मशीन दुरुस्त करून बदललेले आहे, भाग कोणते ते, खर्च कर्जदाराने स्वतः केला, मशीन चालू स्थितीत आहे, कर्ज चालू ठेवावे. ऑडिटरने आक्षेप घेतला, मला खुलासा द्यावा लागला, एवढ्यावर निभावलं. होडीत बसलो नसतो तर तेच लिहिलं असतं का, हे मला आजही सांगता येत नाही.

तांडेलाने 1989 मध्ये शेवटचा हप्ता भरला. पावती घेऊन हसत म्हणाला, "नंबर तोच आसा न्ही?" मी म्हटलं, आसा. विम्याचं तेव्हाही बोललो नाही. पुढे माझी बदली झाली, आणि तो वारल्याचं मला वर्षभराने कळलं.

परवा कार्बन कॉपी पुन्हा वाचली. अक्षर माझंच. बाकी सगळे रकाने नीट भरलेले. "विमा" या रकान्यापुढे लिहिलं आहे: लागू नाही.