नगरच्या ख्रिस्तमंडळीचा हिंवाळा

अहमदनगर जिल्ह्यांत पावसाळा सरला म्हणजे बाजरी खळ्यांतून घरांत येते, शाळू रानांत डोलूं लागतो आणि चिखलानें अडलेल्या गाडीवाटा पुन्हां चालत्या होतात. एका हंगामाची कापणी आटोपली आणि दुसऱ्याची अजून दूर आहे, अशा या सवडीच्या महिन्यांत महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून जत्रा भरतात, सप्ताह बसतात, कीर्तनें रंगतात. याच महिन्यांत तेथील ख्रिस्ती मंडळीच्या वर्षांतील सर्वांत गजबजलेला काळ येतो. हंगामाचा सण, नाताळची गीतफेरी, वर्षअखेरची मध्यरात्रीची उपासना, जानेवारींतील प्रार्थनासप्ताह, असा हा क्रम आहे. तो पाहणाऱ्यास वाटतें कीं, मंडळी स्थापन झाली त्या दिवसापासून हें असेंच चालत आलें असावें. इतिहास मात्र निराळें सांगतो. ज्यांनीं ही मंडळी स्थापिली त्यांच्या घरीं नाताळ हा सणच नव्हता.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत १८१० सालीं परदेशांत धर्मप्रसार करण्याकरितां एक मंडळ स्थापन झालें. त्याचे दोन तरुण उपदेशक, गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट, १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले. त्यांच्या कार्यास पुढें ‘अमेरिकन मराठी मिशन’ हें नांव पडलें. १८३१ च्या अखेरीस, म्हणजे हिंवाळ्यांतच, या मिशननें अहमदनगरास ठाणें केलें. १८३३ सालीं तेथें पहिली मंडळी स्थापन झाली. ज्या शहरास आतां अहिल्यानगर हें नांव मिळालें आहे, तेथील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती जीवनाचा हा आरंभ होय.

हे उपदेशक ज्या प्युरिटन परंपरेंत वाढले, तिचें मत असें कीं, पवित्र शास्त्रांत ज्या सणाची आज्ञा नाहीं तो सण पाळूं नये. येशूच्या जन्माची तिथि शास्त्रांत कोठेंच दिलेली नाहीं. सबब पंचवीस डिसेंबर हा त्यांच्या लेखीं इतर दिवसांसारखाच एक दिवस. मॅसॅच्युसेट्सच्या कायदेमंडळानें १६५९ सालीं नाताळ पाळणाऱ्यास पांच शिलिंग दंड ठरविला होता. तो कायदा १६८१ सालीं रद्द झाला खरा, पण जुनी अढी मनांतून गेली नाहीं. त्या प्रांतांत नाताळची सरकारी सुट्टी सुरू झाली ती १८५६ सालीं, म्हणजे नगरची मंडळी तेवीस वर्षांची झाल्यावर. रविवारचा विसावा, प्रवचन, प्रार्थना आणि शास्त्रवाचन हीं या परंपरेच्या उपासनेचीं मुख्य अंगें होतीं. ती उपासना निर्मळ होती, पण सणाचा गोडवा तिला ठाऊक नव्हता.

या पहिल्या काळांतील हिंवाळा म्हणजे मुख्यत्वें दौऱ्याचा हंगाम. रस्ते कोरडे झाले कीं, उपदेशक व त्यांचे देशी सहकारी बैलगाडींत तंबू घालून निघत, एखाद्या आमराईंत मुक्काम करीत आणि भोंवतालच्या गांवीं फिरत. पुढें यांत आणखी एका गोष्टीची भर पडली. १८५८ सालीं पंजाबांतील लुधियाना येथील मिशननें अशी विनंति प्रसिद्ध केली कीं, वर्षारंभींचा एक आठवडा जगांतील ख्रिस्ती लोकांनीं एकाच वेळीं प्रार्थनेंत घालवावा. १८६० च्या जानेवारींत हा सप्ताह प्रथम पाळला गेला व तेथून तो जगभर पसरला. हिंदुस्थानांतील एका गांवीं सुचलेली ही कल्पना युरोप-अमेरिकेनें उचलली, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत नसते.

मग नाताळ आला कोठून? हा शब्दच त्याचा एक माग दाखवितो. ‘नाताल’ हा पोर्तुगीज शब्द. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. तेथील आणि गोव्यांतील रोमन कॅथॉलिक लोकांत हा सण शतकानुशतकें चालत आलेला होता, व त्यांच्याच तोंडून तो शब्द मराठींत रुळला. दुसरा माग छावणीचा. १८०३ सालीं इंग्रजांनीं नगरचा किल्ला घेतला. पुढें तेथें मोठी लष्करी छावणी झाली. गोऱ्या शिपायांचा व अंमलदारांचा तो ‘मोठा दिवस’ नगरकरांस दुरून परिचित होता. परंतु दुरून पाहिलेला सण आपला होत नसतो. तो आपला होण्यास तशीच गरज असावी लागते. नगरच्या मंडळींत ती गरज होती, आणि फार खोल होती.

बाप्तिस्मा घेणाऱ्या माणसाची केवळ उपासनाच बदलत असे असें नाहीं. त्याचें पंचांग बदलत असे. खेड्यांतील वर्ष सणांनीं मोजलें जातें: पोळा, दसरा, दिवाळी, ग्रामदेवतेची जत्रा. या मंडळींत आलेले बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतील होते. गांवाच्या प्रत्येक सणांत त्यांच्याकडे कांहीं काम असे, कांहीं मानहि असे, आणि त्याबरोबर वेशीबाहेर उभें राहण्याचा अपमानहि असे. तो अपमान टाकतांना त्यांस सणहि टाकावे लागले. उपदेशकांस वाटे कीं, रविवार मिळाला म्हणजे पुरे झालें. पण ज्या घरांतील मुलें शेजारचे दिवे पाहात अंधारांत बसत, त्या घराचें समाधान प्रवचनानें होण्यासारखें नव्हतें. आकाशकंदील लावावा, करंजी तळावी, लेकीस माहेरीं आणावें अशा एका दिवसाची उणीव होती. ती नाताळनें भरून काढली.

सणाबरोबर गाण्याचाहि प्रश्न आला. १८३५ मध्यें आलेल्या हेन्री बॅलंटाइन यांनीं पुष्कळ इंग्रजी गीतांस मराठी रूप दिलें. त्यांचें मराठी चांगलें होतें व तळमळहि खरी होती. अडचण होती ती चालीची. इंग्रजी चाल शब्दांतील ठराविक अक्षरावर आघात देत पुढें जाते. मराठी पद्य लघुगुरूंच्या मात्रांवर अगर ओवी-अभंगांतील अक्षरांच्या मोजणीवर चालतें. एकाची चाल दुसऱ्याच्या शब्दांवर चढविली म्हणजे ऱ्हस्व अक्षर ताणावें लागतें, दीर्घ अक्षर आंखडावें लागतें, आणि शेवटीं अर्थ हातचा निसटतो. शाळेंत शिकलेलीं मुलें तीं गीतें म्हणूं शकत. जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडीं मात्र तीं बसेनात.

हा मार्ग मोकळा करणारांत कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचें नांव अग्रगण्य आहे. १८६० नंतरच्या दशकांत त्यांनीं कीर्तनाची घडण उचलली आणि तींत ख्रिस्ती कथा बसविली. आरंभीं नमन, पूर्वरंगांत सिद्धांताचें निरूपण, उत्तररंगांत आख्यान. मध्यें साकी, दिंडी, ओवी. साथीस झांज व मृदंग. ज्यास वाचतां येत नव्हतें त्यासहि हें सारें पहिल्याच रात्रीं कळत असे. हिंवाळ्याच्या लांब रात्री कीर्तनास सोयीच्या. गोठ्यांत जन्मलेल्या बालकाची कथाहि अशी कीं, गुरांच्या सहवासांत वाढलेल्या श्रोत्यास ती समजावून सांगावी लागत नसे. या प्रकाराविषयीं शंका घेणारेहि होतेच. टाळमृदंग आले कीं त्यांबरोबर टाकलेला धर्म परत येईल, असें त्यांस वाटे. ही भीति खोटी ठरली. पण ज्यांनीं एकदां सर्व सोडलें होतें त्यांची ती भीति होती, हें विसरून चालणार नाहीं.

या प्रवाहास भर आला तो नारायण वामन टिळकांमुळें. १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस बाप्तिस्मा घेऊन टिळक नगरास आले व तेथील धर्मशिक्षणाच्या शाळेंत शिकवूं लागले. ती शाळा चालविणारे डॉ. रॉबर्ट ह्यूम यांचा जन्म मुंबईचाच. टिळक मराठी कवितेंत आधींच नांवाजलेले. संतांचा अभंग त्यांच्या रक्तांत भिनलेला. त्यांनीं इंग्रजी गीतें भाषांतरित करण्याऐवजीं तुकारामाच्या वळणाचे अभंग व भजनें रचलीं. १९०४ सालीं त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून त्यांनीं ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचें संपादन केलें. हें पत्र १८४२ सालीं नगरासच निघालें होतें. ख्रिस्ताचें चरित्र ओवीबद्ध करण्याचा ‘ख्रिस्तायना’चा संकल्प मात्र १९१९ सालीं त्यांच्या मृत्यूनें अपुरा राहिला, आणि तो पुढें चालविण्याचें काम लक्ष्मीबाईंनीं अंगावर घेतलें. टिळकांचीं भजनें आजहि मराठी मंडळ्यांत गाइलीं जातात. नाताळच्या आधींच्या रात्रीं कंदील घेऊन, पेटी गळ्यांत अडकवून, टाळ वाजवीत घरोघर फिरणारी गीतफेरी हीं भजनें म्हणूं लागली, तेव्हांच तो सण खऱ्या अर्थानें मराठी झाला.

गाण्याहून कठीण प्रश्न जेवणाचा होता. १८५४ सालीं नगरास हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक या दोघांस पाळकाची दीक्षा देण्यांत आली. दोघेहि जन्मानें ब्राह्मण; ज्यांचे ते पाळक झाले त्यांतील पुष्कळजण जन्मानें महार. प्रभुभोजनाच्या वेळीं भाकर एक आणि प्याला एक, असा या मंडळीचा नियम. आज हें वाक्य सोपें वाटतें. त्या काळीं एका घोटानें माणूस आपलें घर, आपली जात व बहुधा आपले आईबापहि गमावीत असे. तरीहि उपासनेंतील एक घोट निराळा आणि पोटभर पंगत निराळी. जातीची संवय बाप्तिस्म्याच्या पाण्यानें एका दिवसांत धुतली जात नाहीं, आणि विवाहाच्या वेळीं तर ती पुढेंहि डोकें वर काढीत राहिली. म्हणूनच नाताळच्या प्रीतिभोजनाचें महत्त्व मोठें. चुलाणीं पेटवून सर्वांनीं मिळून रांधावयाचें, सर्वांनीं एकाच पंगतींत बसावयाचें आणि एकमेकांच्या हातचें खावयाचें. वर्षभर उपदेशानें जें सांगितलें जाई, तें वर्षांतून एक दिवस ताटावर वाढलें जात असे.

या सणांतील स्त्रियांचा वाटा इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच दिसतो, कारण तो स्वयंपाकघरांत घडला. लाडू, करंज्या, चकल्या, अनरसे हा मराठी ख्रिस्ती घरांतील नाताळचा फराळ. तो कोणत्याहि मिशननें शिकविलेला नाहीं. तो आज्यांकडून आयांकडे, आयांकडून लेकींकडे आला. शेजारच्या हिंदु घरीं जाणारें ताट व दिवाळींत त्या घराहून येणारें ताट यांनीं जेवढा सलोखा राखला, तेवढा पुष्कळ सभांनींहि राखला नसेल. अशा संसाराचें चित्र १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं पाहावें.

पण नगर हा अवर्षणाचा जिल्हा. १८७६ ते १८७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत हिंवाळा सुगीचा न राहतां उपासमारीचा झाला. मिशनच्या आवारांत अनाथ मुलांची गर्दी झाली. मंडळींतील लोकहि खडी फोडण्याच्या कामावर गेले. अशा प्रदेशांत हंगामाच्या सणास केवळ शोभेचा अर्थ नसतो. पीक निघालें कीं त्याचा पहिला वाटा, कोणी पायलीभर बाजरी, कोणी भोपळा, कोणी कोंबडी, कोणी अंडीं, वेदीपुढें आणून ठेवावयाचा. उपासना संपल्यावर त्याचा लिलाव करून पैसा मंडळीच्या खजिन्यांत टाकावयाचा. भोपळ्याची बोली त्याच्या किंमतीच्या कितीतरी वर चढते आणि सर्वजण हंसतात. परंतु त्या हंसण्यामागें एक गंभीर हेतु होता. पाळकाचें वेतन परदेशांतून येई तोंवर मंडळी पराधीन होती. रोकड ज्यांच्या हातीं क्वचितच येई, त्या लोकांनीं धान्याच्या मुठीनें आपला पाळक पोसण्याचा प्रयत्न केला. तो सर्वत्र सारखा यशस्वी झाला नाहीं, पण स्वावलंबनाचा पहिला धडा त्यांस येथेंच मिळाला.

पुढें संघटनेचीं नांवें बदललीं. १९२४ सालीं काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचा संयोग झाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरास ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन होऊन उत्तर हिंदुस्थानांतील अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एका छत्राखालीं आल्या. परदेशी उपदेशकांचा काळ संपला. गीतफेरीच्या कंदिलाची जागा विजेच्या दिव्यांनीं घेतली. हिंवाळ्याचा क्रम मात्र टिकून राहिला.

तो टिकला याचें कारण उघड आहे. संस्थापकांनीं शाळा दिल्या, छापखाना दिला, शास्त्र दिलें, आणि माणसास माणसाशेजारीं बसण्याचा हक्क दिला. हें ऋण लहान नव्हे. पण सण त्यांस देतां आला नाहीं, कारण तो त्यांच्यापाशींच नव्हता. तो मंडळीनें आपला आपण घडविला. वसईकडून शब्द घेतला, वारकऱ्यांकडून टाळ घेतला, शेताकडून धान्य घेतलें आणि घरांतून फराळ घेतला. ज्या लोकांस गांवाच्या पंचांगांत वेशीबाहेरची जागा होती, त्यांनीं स्वतःचें पंचांग मांडलें. शाळू उभा असतांना, थंडी पडली असतांना, नगरच्या गल्लींतून रात्रीं भजनाचा आवाज येतो तो त्या पंचांगाचा आहे.